दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचू नये
इतिहासाचे प्राध्यापक यदुनाथ सरकार

१. प्राध्यापक म्हणजे कोण?

शाळेत शिकवतात ते मास्तर, हे आपल्याला ठाऊक आहे. शाळा संपली की मुले कॉलेजात जातात. कॉलेजाला महाविद्यालय असेही म्हणतात. तेथे शिकवणारे ते प्राध्यापक. अशी पुष्कळ महाविद्यालये मिळून एका विद्यापीठाच्या छायेखाली असतात. परीक्षा घेणे, पदवी देणे, काय शिकवायचे ते ठरवणे ही कामे विद्यापीठ करते.

प्राध्यापकाला दोन कामे असतात. एक दिसते, दुसरे दिसत नाही. वर्गात उभे राहून शिकवणे हे दिसणारे काम. नवे ज्ञान शोधून काढणे हे न दिसणारे काम. त्याला संशोधन म्हणतात. कोठारातले धान्य वाटणे हे पहिले काम, आणि कोठारात नव्या धान्याची भर घालणे हे दुसरे. नुसतेच वाटत राहिले तर कोठार एक दिवस रिकामे होणार.

आता कोणी विचारील, इतिहासाचा प्राध्यापक नवे काय शोधणार? झाले ते होऊन गेले. खरे आहे. पण काय झाले ते कळायला नको का? अहो, गावात काल रात्री भांडण झाले, तर आज सकाळी चार जण चार गोष्टी सांगतात. ज्याने पाहिले तो एक सांगतो. ज्याने ऐकले तो दोन सांगतो. ज्याने पाहिले नाही आणि ऐकलेही नाही, तो सगळ्यात जास्त सांगतो! मग तीनशे वर्षांपूर्वी काय घडले, ते खरे कसे कळावे?

ते कळण्यासाठी ज्याने उभा जन्म घालवला, अशा एका प्राध्यापकाची ही हकीगत आहे. त्यांचे नाव यदुनाथ सरकार. ते बंगालचे. पण त्यांनी आपल्या शिवाजी महाराजांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचा सगळ्यात जवळचा मित्र पुणे जिल्ह्यात कामशेतला राहत होता. तेव्हा ते आपल्याला अगदीच परके नाहीत.

२. घर आणि शिक्षण

यदुनाथांचा जन्म १० डिसेंबर १८७० रोजी झाला. त्यांचे गाव करचमारिया. ते राजशाही भागात नाटोरजवळ आहे. तेव्हा हा मुलूख बंगाल प्रांतात होता. आता तो बांगलादेशात आहे.

वडिलांचे नाव राजकुमार सरकार. ते जमीनदार होते. जमीनदाराच्या घरी घोडे असतात, नोकरचाकर असतात. यांच्या घरी आणखी एक गोष्ट होती. पुस्तके होती. वडिलांना वाचनाचा नाद होता, इतिहासाची आवड होती. तीच आवड मुलात उतरली.

यदुनाथ पुढे शिकायला कलकत्त्याला गेले. तेथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १८९२ साली ते इंग्रजी विषय घेऊन एम्.ए. झाले. परीक्षेत त्यांचा पहिल्या वर्गात पहिला नंबर आला. पाहा बरे, एम्.ए. केले इंग्रजीत, आणि नाव झाले इतिहासात! शिक्षण एकाच चाकोरीतून जाते असे नाही.

१८९३ साली ते कलकत्त्याच्या रिपन कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस-तेवीस. या कॉलेजाचे नाव आता सुरेंद्रनाथ कॉलेज असे आहे.

१८९७ साली त्यांना एक मोठी शिष्यवृत्ती मिळाली. तिचे नाव प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती. हे प्रेमचंद शेठ आपल्या मुंबईचे. कापसाच्या व्यापारात त्यांनी अमाप पैसा मिळवला. त्यातला काही त्यांनी विद्येसाठी दिला. मुंबई विद्यापीठाचा उंच मनोरा पुष्कळांनी पाहिला असेल. त्याला राजाबाई टॉवर म्हणतात. राजाबाई ही प्रेमचंद शेठची आई. याच शेठने कलकत्ता विद्यापीठालाही मोठी देणगी दिली होती. त्या पैशातून ही शिष्यवृत्ती चाले. मुंबईच्या व्यापाऱ्याने पैसा दिला आणि बंगालच्या मुलाच्या संशोधनाला तो उपयोगी पडला. विद्यादान असे दूरवर पोचते.

या शिष्यवृत्तीसाठी यदुनाथांनी औरंगजेबाच्या काळातल्या हिंदुस्थानावर निबंध लिहिला. १९०१ साली त्याचे पुस्तक झाले. येथून त्यांची वाट ठरली.

३. पहिली अडचण : भाषा

औरंगजेब हा मोगल बादशहा. त्याच्या दरबाराचा कारभार फारसी भाषेत चाले. हुकूम फारसीत, पत्रे फारसीत, हिशेब फारसीत. मग औरंगजेबाचा इतिहास लिहायचा तर काय करायचे?

एक सोपा मार्ग होता. काही इंग्रज लोकांनी फारसी ग्रंथांतले उतारे इंग्रजीत आणले होते. ते वाचायचे आणि पुस्तक लिहून टाकायचे. पुष्कळ जण तसेच करीत. पण भाषांतर करणारा काही मजकूर घेतो, काही सोडतो. कधी त्याला शब्द नीट समजत नाही. कधी त्याच्या मनात जे असते तेच त्याला कागदावर दिसते. म्हणजे दुसऱ्याचे डोळे आपण उसने घेतले की दुसऱ्याची चूकही आपल्या पदरात पडते.

यदुनाथांनी ठरवले की मूळ कागद आपणच वाचायचा. मोठ्या वयात, नोकरी सांभाळून ते फारसी शिकले. नवी लिपी, नवे शब्द, तीही उजवीकडून डावीकडे लिहायची लिपी! हाताने लिहिलेली जुनी फारसी वाचणे तर फारच कठीण. अक्षरांवरचे टिंब एक इकडचे तिकडे झाले की शब्द बदलतो. एका गावाचे दुसरे गाव होते.

फारसीवर ते थांबले नाहीत. मराठ्यांचा इतिहास हाती घेतला तेव्हा मराठी शिकले. गोव्याच्या पोर्तुगीजांचे कागद पाहायचे म्हणून पोर्तुगीज शिकले. फ्रेंचही शिकले. बंगाली, संस्कृत, इंग्रजी, हिंदी या भाषा त्यांना येतच होत्या.

मोठेपणी अक्षरे गिरवणाऱ्या माणसाला हे कष्ट काय असतात ते आतून कळते. पहिल्यांदा पाटीवर अक्षर काढताना हात कसा जड होतो! एम्.ए. झालेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या माणसालाही तोच जडपणा सोसावा लागला. त्यात लाज कसली? न शिकता शिकल्याचा आव आणणे ही खरी लाज.

४. पाटण्याचा ग्रंथसंग्रह

यदुनाथांची नोकरी सरकारी होती. सरकारी नोकरीत बदल्या चुकत नाहीत. १९०२ ते १९१७ ही पंधरा वर्षे त्यांनी पाटणा कॉलेजात काढली. पाटणा हे बिहारमधले गंगेकाठचे शहर. १९१७ साली ते बनारस हिंदू विद्यापीठात गेले. हे विद्यापीठ तेव्हा नुकतेच स्थापन झाले होते. १९१९ साली ओरिसात कटकच्या रेव्हनशॉ कॉलेजात गेले. १९२३ साली पुन्हा पाटण्याला आले. १९२६ साली निवृत्त झाले. असा हा तेहतीस वर्षांचा शिक्षकी पेशा. शिकवण्याची सुरुवात इंग्रजीपासून झाली होती, पुढे इतिहास हाच विषय झाला.

पाटण्याचा त्यांना फार मोठा फायदा झाला. तेथे खुदाबक्ष नावाचे एक वकील होते. त्यांच्या वडिलांना जुने हस्तलिखित ग्रंथ जमवायची हौस होती. हस्तलिखित म्हणजे हाताने लिहिलेले, न छापलेले पुस्तक. मरताना वडिलांनी आपला संग्रह मुलाच्या हवाली केला, आणि लोकांसाठी ग्रंथालय काढ असे सांगितले. मुलाने वडिलांचा शब्द पाळला. संग्रह वाढवला, इमारत बांधली आणि १८९१ साली ते सगळे लोकांना खुले करून दिले. ते खुदाबक्ष ग्रंथालय आजही गंगेकाठी उभे आहे.

यदुनाथांना फारसी ग्रंथ हवे होते, आणि कॉलेजजवळच ही खाण होती. इतके झाले तरी एका ठिकाणी सगळे मिळत नाही. एक पत्र लंडनला, एक वही जयपूरला, एखादा ग्रंथ पॅरिसला. जेथे जेथे कागद असल्याचा सुगावा लागे, तेथून ते नक्कल मागवीत. पदरचा पैसा खर्च करीत. सुट्टी लागली की इतर लोक थंड हवेच्या ठिकाणी जातात. हे प्राध्यापक जुने दफ्तर, जुना किल्ला आणि जुने रणांगण पाहायला निघत. लढाईची जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लढाई समजत नाही, असे त्यांचे मत होते. ओढा कोठे आहे, टेकडी कोठे आहे, पाणी किती लांब आहे, हे नकाशावर वाचून पुरते कळत नाही.

५. शत्रूचे कागद

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. खरे कसे शोधायचे?

यदुनाथांची रीत आपल्याला कोर्टाच्या उदाहरणाने समजेल. कोर्टात न्यायाधीश साक्षीदाराला काय विचारतात? तू तेथे होतास का? तू स्वतः पाहिलेस का? आरोपीशी तुझे नाते काय? वैर आहे काय? यदुनाथ प्रत्येक जुन्या कागदाला हेच विचारीत. हा कागद कधी लिहिला? घटना घडली तेव्हाच, की शंभर वर्षांनी? लिहिणारा तेथे होता का? खोटे लिहून त्याचा काही फायदा होता का? मग एका बाजूचा कागद दुसऱ्या बाजूच्या कागदाशी ताडून पाहायचा. दोन्ही जुळले तर गोष्ट पक्की. न जुळले तर जपून बोलायचे.

म्हणून शत्रूचे कागदही वाचले पाहिजेत. याची दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण पुरंदरच्या तहाचे. १६६५ साली औरंगजेबाने मिर्झाराजे जयसिंग यांना महाराजांवर पाठवले. पुरंदर किल्ल्याला वेढा पडला. शेवटी तह झाला आणि महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. या मोहिमेत जयसिंग बादशहाला पत्रे पाठवीत होते. ती फारसी पत्रे त्यांचा मुनशी उदयराज लिहीत असे. मुनशी म्हणजे पत्रे लिहिणारा कारकून. त्या पत्रांचा संग्रह शिल्लक राहिला. यदुनाथांनी तो शोधून त्याचा उपयोग केला. शत्रूचा सेनापती आपल्या धन्याला काय कळवीत होता, ते त्यामुळे आपल्याला समजले. महाराजांना एकटे पाडण्यासाठी कोणाकोणाशी संधान बांधावे लागते आहे, हे सेनापती त्या पत्रांत सांगतो. साध्या माणसासाठी इतकी तयारी कोण करतो? महाराजांचे मोठेपण येथे शत्रूच्याच लेखणीतून उमटते. घरच्या माणसाने केलेल्या स्तुतीपेक्षा त्याचे वजन जास्त.

दुसरे उदाहरण आग्र्याचे. १६६६ च्या मे महिन्यात महाराज आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारात गेले. तेथे त्यांची व्यवस्था जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्याकडे होती. रामसिंगाचे कारकून आग्र्याहून आपल्या घरी, राजस्थानात, पत्रे धाडीत होते. त्यांत परकालदास नावाचा एक जण होता. दरबारात काय झाले, महाराजांना मानाची जागा न दिल्याने ते कसे संतापले, मग त्यांच्या मुक्कामाभोवती पहारे कसे बसले, हे सगळे या लोकांनी त्या दिवसांतच लिहून ठेवले. ती पत्रे राजस्थानी भाषेत आहेत. जयपूरच्या दफ्तरात ती पडून होती. यदुनाथ आणि त्यांचे शिष्य रघुवीरसिंह यांनी ती उजेडात आणली. हे रघुवीरसिंह माळव्यातल्या सीतामऊ संस्थानचे राजपुत्र. राजवाड्यात राहूनही त्यांनी गुरूप्रमाणे कागदपत्रांचा ध्यास घेतला आणि सीतामऊला मोठा ग्रंथसंग्रह उभा केला.

विचार करा, परकालदासाला काय ठाऊक होते की आपले पत्र तीनशे वर्षांनी कोणी वाचील? त्याने साधी बातमी कळवली. पण खरी कळवली. म्हणून ती सोन्याच्या मोलाची ठरली.

६. कामशेतचे मित्र

यदुनाथांना महाराष्ट्राशी बांधणारा माणूस म्हणजे गोविंद सखाराम सरदेसाई. लोक त्यांना रियासतकार म्हणत, कारण त्यांनी 'मराठी रियासत' हा मराठ्यांचा मोठा इतिहास लिहिला. ते बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते. १९२५ साली निवृत्त झाले आणि पुढे कामशेतला येऊन राहिले.

यदुनाथ बंगाली, सरदेसाई मराठी. एक पाटण्याला, एक बडोद्याला. पण दोघांना एकच वेड. फारसीची अडचण आली की सरदेसाई यदुनाथांना लिहीत. मराठीची अडचण आली की यदुनाथ सरदेसाईंना विचारीत. अशी शेकडो पत्रे गेली-आली. ही मैत्री पन्नास वर्षे टिकली. यदुनाथ कामशेतला येत, सरदेसाईंच्या घरी राहत. दोघे मिळून किल्ले आणि रणांगणे हिंडत. मतभेद होत नव्हते असे नाही. सरदेसाई मराठ्यांची बाजू जिव्हाळ्याने मांडीत. यदुनाथ 'पुरावा कोठे आहे?' म्हणून अडवीत. पण मैत्री तुटली नाही. ज्याला आपली चूक दाखवता येते तोच खरा मित्र.

या मैत्रीतून महाराष्ट्राचे एक मोठे काम झाले. पुण्याला पेशवे दफ्तर आहे. पेशव्यांच्या कारभाराचे कागद तेथे रुमालांत बांधून ठेवले आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधायचे मोठे फडके. असे हजारो रुमाल! १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे कित्येक वर्षे अभ्यासकांना ते मोकळेपणी पाहू देत नसत. ते खुले व्हावे म्हणून पुष्कळांनी आवाज उठवला. यदुनाथांनीही शब्द टाकला. अखेर सरकारने त्यातले निवडक कागद छापायचे ठरवले. ते काम यदुनाथांच्या शिफारशीने सरदेसाईंना मिळाले. पुण्यातल्या काही विद्वानांना ही निवड पसंत नव्हती. त्यावर वादही झाला. पण काम झाले. १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भाग छापून निघाले. तेव्हा सरदेसाईंनी पासष्टी गाठली होती.

७. प्राध्यापकांचे कोठे चुकले?

यदुनाथांचा शिवाजी महाराजांवरचा इंग्रजी ग्रंथ १९१९ साली निघाला. तो देशोदेशी वाचला गेला. महाराज केवळ लढवय्ये नव्हते, त्यांनी राज्याची नवी घडी बसवली, हे त्यांनी जगापुढे मांडले. तरी महाराष्ट्रातल्या अभ्यासकांना त्यातली काही मते पटली नाहीत. त्यांनी ग्रंथावर कडक टीका केली. यदुनाथांचा भर फारसी साधनांवर जास्त, मराठी कागदांवर कमी, असा त्यांचा आक्षेप होता. औरंगजेबावरच्या त्यांच्या ग्रंथातली काही मतेही पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढली.

एक ठळक उदाहरण सांगतो. महाराजांचा जन्म कोणत्या साली झाला? जुन्या बखरींतून १६२७ हे साल चालत आले होते. यदुनाथांनीही आपल्या ग्रंथात तेच धरले. पण भोर भागातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक जुना कागद होता. कोणत्या दिवशी काय घडले, याची त्यात क्रमाने नोंद होती. त्याला जेधे शकावली म्हणतात. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी दिली आहे. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे तंजावरला 'शिवभारत' हे महाराजांच्या काळातले संस्कृत काव्य मिळाले. त्यातही हीच तिथी निघाली. आज १९ फेब्रुवारीलाच सरकारी शिवजयंती होते.

यातून काय दिसते? दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की मोठा विद्वान झाला तरी त्याचे सगळेच बरोबर असते असे नाही. त्याचे म्हणणेही पुराव्यावर घासून पाहावे. ही रीत तर यदुनाथांनीच शिकवली! दुसरी गोष्ट ही, की खरा पुरावा एका देशमुखाच्या घरात निघाला. राजवाड्यात नाही, लंडनला नाही, भोरच्या डोंगरात. त्या घरातल्या माणसांनी तो कागद पिढ्यान् पिढ्या जपला नसता, चुलीत घातला असता, तर?

८. विद्यापीठाचा कारभार आणि म्हातारपण

१९२६ साली यदुनाथ निवृत्त झाले, आणि त्याच साली कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कुलगुरू म्हणजे विद्यापीठाचा मुख्य कारभारी. १९२८ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे, त्यांनी हे काम पाहिले. परीक्षेचा दर्जा घसरू नये, पैशाचा हिशेब चोख असावा, असा त्यांचा आग्रह होता. कडक माणूस सगळ्यांना आवडत नाही. त्यांनाही विरोधक होते. दोन वर्षे झाल्यावर ते पुन्हा आपल्या कागदांकडे वळले. १९२९ साली इंग्रज सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला.

खरी गंमत पुढे आहे. निवृत्त झाल्यावर माणूस म्हणतो, झाले आता, देवळात बसू. यदुनाथांनी साठी उलटल्यावर नवा डोंगर चढायला घेतला. औरंगजेबाचा इतिहास त्यांनी १९१२ ते १९२४ या काळात पाच भागांत छापला होता. आता मोगल पातशाही कशी ढासळली, त्याचा इतिहास त्यांनी हाती घेतला. पहिला भाग १९३२ साली निघाला. चौथा आणि शेवटचा भाग १९५० साली. तेव्हा त्यांचे वय एकोणऐंशी होते. या ग्रंथात पानिपतची लढाई आहे, महादजी शिंदे आहेत, दिल्लीचे राजकारण आहे. मराठी पत्रे वाचता आल्याशिवाय तो लिहिताच आला नसता. तरुणपणी शिकलेली मराठी अशी म्हातारपणी कामाला आली.

हे दिवस सुखाचे होते असे नाही. घरात एकामागून एक दुःखे आली. फाळणीच्या आगेमागे कलकत्त्यात दंगली पेटल्या. त्यात त्यांचा मुलगा मारला गेला. म्हाताऱ्या बापाला याहून मोठा घाव कोणता? जन्मगावही फाळणीने परदेशात गेले. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. औरंगजेबाच्या काळातल्या एका फारसी ग्रंथाचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९४७ सालीच छापून निघाले. दुःख होत नव्हते म्हणून नव्हे. काम हाच त्यांचा आधार होता.

१९५८ च्या मे महिन्यात कलकत्त्याला ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांचे मित्र सरदेसाईही गेले. यदुनाथांची पुस्तके कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेली. ते जेथे राहत, त्या घरात पुढे समाजाचा अभ्यास करणारी संस्था आली. ज्ञानाचा दिवा त्या घरात विझला नाही.

९. आपण काय घ्यावे?

आपण काही प्राध्यापक होणार नाही. औरंगजेबाचा इतिहासही लिहिणार नाही. मग ही हकीगत आपल्या काय कामाची?

कामाची आहे. आपल्याही आयुष्यात कागद येतात. खरेदीखत येते, सातबारा येतो, सोसायटीच्या कर्जाचा कागद येतो, कोर्टाची नोटीस येते. आजवर आपण काय करीत होतो? दुसऱ्याला म्हणत होतो, 'वाच रे बाबा, काय लिहिले आहे.' त्याने सांगितले ते खरे मानीत होतो. तो दाखवील तेथे अंगठा उठवीत होतो. कोणाचे बांध गेले, कोणाची जमीन गेली, ते गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारा. वाचणारा नेहमीच लबाड असतो असे नाही. पण त्याचे डोळे ते त्याचे डोळे. घाईत तो एक ओळ गाळतो, आणि नेमकी तीच ओळ आपली असते.

यदुनाथांनी बादशहाचा कागद दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचला नाही. आपण आपला सातबारा दुसऱ्याच्या डोळ्यांनी का वाचावा? हळू वाचा, बोट ठेवून वाचा, दोनदा वाचा. समजले नाही तर विचारा. पण आधी स्वतः वाचा, मग सही करा.

आणखी एक सांगणे. पुष्कळ घरांत माळ्यावर जुनी पेटी असते. तिच्यात पिवळे पडलेले कागद असतात. अक्षर लागत नाही म्हणून आपण त्यांना रद्दी समजतो. ते मोडी लिपीतले असतील. पूर्वी मराठी कारभार मोडीत चाले. आज मोडी वाचणारे थोडे आहेत, पण आहेत. मोडीचे वर्गही चालतात. तेव्हा ते कागद जाळू नका, वाळवीला देऊ नका. कोरड्या जागी, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवा. जाणत्या माणसाला दाखवा, पण मूळ कागद हातचा सोडू नका, नक्कल द्या. कारीच्या जेध्यांच्या घरी निघाला, तसा एखादा कागद तुमच्याही घरी नसेल कशावरून?

आणि गावात कोणी जोरजोराने 'इतिहासात असे झाले होते' म्हणून सांगू लागला, लोकांची माथी भडकवू लागला, तर शांतपणे एवढेच विचारा, 'कागद कोठे आहे? कोणी लिहिला? कधी लिहिला?' ज्याच्याजवळ कागद असेल तो दाखवील. ज्याच्याजवळ नसेल तो रागावेल. त्याच्या रागावरून आपण काय ते समजावे.

विचार करा आणि सांगा

१. प्राध्यापकाची दोन कामे कोणती?
२. फारसी ग्रंथांची भाषांतरे असताना यदुनाथ फारसी का शिकले?
३. शत्रूने लिहिलेल्या कागदाला कधी कधी जास्त वजन का येते?
४. महाराजांच्या जन्माचे साल कोणत्या कागदामुळे बदलले? तो कोठे मिळाला?
५. जुना कागद हाती आला तर त्याला कोणते प्रश्न विचाराल?

करून पाहा

घरातला एक कागद घ्या. सातबारा, विजेचे बिल, मुलाच्या शाळेचा दाखला, काहीही चालेल. तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतः वाचा. नाव, तारीख आणि आकडा यांच्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारा. न समजलेले शब्द वहीत उतरवा आणि उद्या वर्गात विचारा.